‘नटरंग’ की ‘सैराट’?

अजय-अतुलचा एकच अल्बम सलग ऐकायचा असेल तर कोणता, यावर माझं मत ठाम आहे: ‘नटरंग’. ‘सैराट’वाल्यांनी आधी ऐकून घ्यावं, मग भांडावं.

‘सैराट’ (२०१६) मध्ये गाणी चारच. त्यातल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसला झालं. ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनांचा ताफा उसळतो तेव्हा अंगावर काटा येतो, हे कबूल. चांगल्या हेडफोनवर तर याला तोडच नाही. ‘झिंगाट’बद्दल काय बोलायचं? वरातीत ते आता जवळपास सक्तीचंच आहे.

पण ‘नटरंग’ (२०१०) मध्ये वैविध्य जास्त आहे. गण, गवळण, लावणी असा तमाशाचा सगळा बाज त्यात येतो, आणि ढोलकी नुसती ठेका धरत नाही, गायिकेशी सवाल-जवाब करते. ‘वाजले की बारा’मध्ये बेला शेंडेचा आवाज कसा लाडात येतो, आणि ‘अप्सरा आली’मध्ये तोच आवाज किती वेगळा ठसका घेतो, ते लागोपाठ ऐकून बघा. शिवाय गुरू ठाकूरचे शब्द. त्यानंतर येतं ‘खेळ मांडला’. अजयचा वरच्या पट्टीतला तो टाहो मला ‘याड लागलं’पेक्षा खोल लागतो, आणि त्याला परदेशातल्या वाद्यवृंदाची गरज पडत नाही.

लांबच्या प्रवासात, गाडीत तरुण मंडळी असतील तर मात्र खुशाल ‘सैराट’ लावा. मीही तेच लावतो.