१२० खुर्च्या, एक दार : तिकीट प्रणाली नऊ महिने वापरल्यावर

आधी जागेचा अंदाज द्यायला हवा, कारण हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहाला यातलं निम्मं लागू होणार नाही. सभागृह १२० खुर्च्यांचं, पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीचं, दार एकच. प्रायोगिक नाटकं, एकलनाट्य, अभिवाचन, मधूनच गाण्याची बैठक. तिकीट बहुधा ३०० रुपये, विद्यार्थ्यांना १५०, मोजक्या कार्यक्रमांना ६००. प्रणाली मुक्तस्रोत (ओपन सोर्स), युरोपात लिहिलेली, भाड्याच्या सर्व्हरवर आपली आपण बसवलेली. नाव मुद्दाम देत नाही. ज्या अडचणी आल्या त्यातल्या बऱ्याच मांडणीच्या, म्हणजे सेटिंगच्या होत्या, आणि खालचे प्रश्न कुठल्याही प्रणालीच्या विक्रेत्याला विचारता येतात.

तिकीटबारीवरचा कागदी प्लॅन ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचं मोठेपण ठाऊक असेल. कागद एक, पेन्सिल एक. खुर्चीवर फुली पडली की ती सगळ्यांसाठी गेली. सॉफ्टवेअर आलं की या एका कागदाचे नकळत चार होतात: संकेतस्थळ, मोठा विक्री मंच, फोनवर ‘ठेवा दोन’ सांगणारे, आणि पासवाले. नऊ महिन्यांत जेवढे घोळ पाहिले त्यातले बहुतेक एकच खुर्ची दोन कागदांवर असल्यामुळे झाले. म्हणून प्रणाली निवडताना बुकिंगचं पान किती देखणं आहे हे शेवटी बघा. आधी बघा की खुर्ची मोकळी, अडवलेली, विकलेली किंवा बंद यांपैकी कशात आहे, हे एकाच ठिकाणी ठरतं का.

आमच्या प्रणालीत हे काम ‘कोटा’ करतो, म्हणजे किती जागा विकायच्या याची मर्यादा. तिकिटाचा प्रकार वेगळा आणि कोटा वेगळा. एक प्रकार एकापेक्षा जास्त कोट्यांत घालता येतो आणि तो विकायला त्या सगळ्या कोट्यांत जागा शिल्लक असावी लागते. ही गोष्ट पहिल्या वाचनात डोक्यात शिरत नाही आणि तिथेच पाय घसरतो. १२० पैकी प्रकाशयोजनेच्या टेबलाला खेटून असलेल्या दोन खुर्च्या विकायच्याच नाहीत, चार संस्थेच्या. उरल्या ११४. ‘सभागृह’ नावाचा ११४ चा कोटा केला, ‘विद्यार्थी’ नावाचा २० चा. विद्यार्थी तिकीट दोन्ही कोट्यांत घालायचं. ते फक्त २० च्या कोट्यात घातलं, तर सर्वसाधारण ११४ अधिक विद्यार्थी २० अशी १३४ तिकिटं प्रणाली आनंदाने विकते. पडद्यावर चूक दिसत नाही. ती दिसते तिसऱ्या घंटेच्या पाच मिनिटं आधी. नवा प्रयोग लावताना जुन्याची नक्कल करण्याची सोय आहे, ती वापरावी, पण चूकही नक्कल होऊन येते. नवीन प्रयोग विक्रीला उघडण्याआधी सगळ्या प्रकारांची मिळून ११५ तिकिटं एकाच टोपलीत (कार्टमध्ये) टाकून बघायची. ११५ वं नाकारलं गेलं पाहिजे. टोपलीतल्या एकावेळच्या तिकिटांवर मर्यादा असेल तर तेवढ्यापुरती ती वाढवावी लागते.

पासांचं काम कूपन कोडवर चालतं. कूपन बनवताना दोन चौकटी असतात: एक ‘कोट्यातून जागा अडवून ठेवा’, दुसरी ‘कोट्याकडे दुर्लक्ष करा’. पहिलीवर खूण केली नाही तर कूपन हातात असूनही जागेची हमी नाही. पाहुणा संध्याकाळी कोड टाकतो आणि ‘शिल्लक नाही’ वाचतो. दुसरीवर खूण केली तर बाराशे लोक आले तरी प्रणाली नाही म्हणणार नाही. दुसरी चौकट हात न लावण्याजोगी समजावी. पहिल्या प्रकारच्या कूपनाला प्रयोगाआधी चार तासांची मुदत घालावी, म्हणजे न वापरलेल्या जागा आपोआप विक्रीत परत येतात. ‘येतो म्हणाले होते’ या वर्गातल्या खुर्च्या अशाच सुटतात.

मोठ्या मंचांवर, म्हणजे बुकमायशो वगैरेंवर, प्रयोग लावायचाच असेल तर तो भाग पूर्णपणे वेगळा काढून द्यावा. ४० जागा तिकडे, तर आपला कोटा ११४ वरून ७४. संध्याकाळी तिकडच्या उरलेल्या जागा परत घेताना क्रम चुकवू नये: आधी तिकडची विक्री बंद, मग अंतिम आकडा हातात, मग आपला कोटा वाढवायचा. उलटं केलं तर मधल्या दोन-चार मिनिटांत त्याच खुर्च्या दोन्हीकडे उघड्या असतात. दोन प्रणाली आपसात बोलतात असं विक्रेता सांगत असेल तर किती सेकंदांनी बोलतात, हे लेखी मागावं.

आसनक्रमांकांबद्दल: मोफत आवृत्तीत खुर्च्यांचा नकाशा नव्हता, त्याला वेगळे पैसे पडतात. १२० खुर्च्यांना तो घेतला नाही आणि ‘आधी येईल त्याला जागा’ ठेवलं. प्रायोगिकच्या प्रेक्षकाला ते चालतं. ६०० च्या तिकिटाला चालत नाही. तिथे माणूस ‘कितवी रांग’ हेच पहिलं विचारतो. तेव्हा पहिल्या तीन रांगा आणि बाकीच्या असे दोन कोटे करून वेळ मारून नेता येते. साठी ओलांडलेला प्रेक्षक जास्त असेल तर मात्र नकाशासाठी पैसे मोजावेत.

आता पैसे. टोपलीत टाकलेलं तिकीट मूळ मांडणीत ३० मिनिटं अडून राहतं. लहान सभागृहाला हे फार होतं. विक्री उघडल्यावर दहा जण चाळत बसले की ‘हाऊसफुल्ल’ दिसतं आणि अर्ध्या तासाने परत जागा निघतात. १० मिनिटं पुरतात. त्याखाली जाऊ नये, कारण यूपीआयला वेळ लागतो: मोबाइलवरचा माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो आणि परत आपल्या पानावर येतच नाही. पैसे कापले, तिकीट नाही. म्हणून गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेची जोडणी ग्राहकाच्या परतीवर अवलंबून नसावी. गेटवेच्या सर्व्हरने आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप दिला पाहिजे, आणि तो निरोप आला की तिकीट निघालं पाहिजे. जोडणी तपासताना पैसे भरून लगेच ब्राउझर बंद करायचा. दोन मिनिटांत मेल आली नाही तर जोडणी अपुरी आहे. आमच्या प्रणालीत भारतीय गेटवे तयार मिळाला नाही, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटी जोडणी लिहून घ्यावी लागली. हा खर्च ‘मोफत’ या शब्दात दिसत नाही.

‘आधी नोंदणी, पैसे नंतर’ हा पर्याय बंदच ठेवावा. युरोपात बँकेतून पैसे पाठवायला १४ दिवसांची मुदत देण्याची रीत, तीच मूळ मांडणीत आलेली. शनिवारच्या प्रयोगाला गुरुवारी नोंदणी करणाऱ्याला प्रयोगानंतरच्या तारखेपर्यंतची मुदत मिळते आणि खुर्ची अडते. आणखी एक: मुदत संपलेल्या ऑर्डरी रद्द करण्याचं काम सर्व्हरवर ठराविक वेळाने चालणारा क्रॉन करतो. तो लावायचा राहिला तर बाकी सगळं ठीक दिसतं, फक्त खुर्च्या सुटत नाहीत.

कार्डावर गेटवे साधारण २ टक्के घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. ३०० च्या तिकिटाला ६ रुपये आणि १.०८ मिळून ७.०८. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क) नाही, तरी गेटवे स्वतःचं शुल्क लावू शकतो. करारात तेवढी ओळ शोधावी. परतावा दिला तर बहुतेक गेटवे आपलं शुल्क परत करत नाहीत, म्हणजे कार्डाची १०० तिकिटं परत केली तर ७०८ रुपये खिशातून. गेटवेचे पैसे बहुधा दोन कामकाजाच्या दिवसांनी जमा होतात. शनिवारचा प्रयोग असेल तर मंगळवार उजाडतो. कलाकारांची नाईट (प्रयोगामागचं मानधन) मात्र त्याच रात्री द्यायची असते. एका प्रयोगाच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय रोखीची खिडकी बंद करू नका.

नाटक, नृत्य, संगीताच्या तिकिटावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. जानेवारी २०१८ आधी ही मर्यादा २५० होती. वर गेलं की १८ टक्के. करासह ६०० लावले तर हाती ५०८.४७ उरतात, म्हणजे ५०० च्या तिकिटापेक्षा जेमतेम साडेआठ रुपये जास्त. ५५० लावणं तर घाट्याचं. प्रणालीत कराचा नियम प्रकारागणिक लागतो, सबंध कार्यक्रमाला एकच लावला की सवलतीच्या तिकिटावरही कर छापला जातो. नोंदणीचं आणि बिलाचं बाकी सीएला विचारून ठरवावं.

पीडीएफ तिकिटाने बराच वैताग दिला. मराठी अक्षरं उमटतात, पण जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. कारण पीडीएफ बनवणारा भाग अक्षरांची जुळणी न करता एकेक चिन्ह मांडतो. फॉन्ट बदलून काही होत नाही. तोडगा असा: नाटकाचं नाव, संस्था, सूचना हे सगळं वेगळ्या प्रोग्रॅममध्ये जुळवून तिकिटाच्या पार्श्वभूमीत चित्रासारखं टाकायचं, आणि प्रणालीकडून फक्त तारीख, वेळ, क्रमांक आणि क्यूआर छापून घ्यायचा. प्रत्येक नाटकाला नवी पार्श्वभूमी, पंधरा मिनिटांचं काम. तारीख-वेळ बघताना कार्यक्रमाचा टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ आहे ना हेही बघावं. तो राहिला की रात्री साडेआठचा प्रयोग तिकिटावर दुपारी तीनचा होतो.

दारावर अँड्रॉइड अ‍ॅप आहे आणि ते खरंच चांगलं आहे. नेट गेलं तरी चालतं, कारण यादी आधीच उतरवून घेतलेली असते. पण दोन फोन, दोन्ही बिननेटचे, असं झालं की एकाने आत सोडलेलं तिकीट दुसऱ्याला कळत नाही. एकच दार असेल तर एकच फोन, दुसरा चार्ज करून खिशात. फोनचा पडदा लाल होतो, म्हणजे तिकीट आधीच वापरलंय असं दिसतं, तेव्हा फसवणूक क्वचितच असते. पाच तिकिटांच्या पीडीएफचं पहिलं पान घरातल्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं असतं आणि जो तो वेगवेगळा येतो. नावावरून ऑर्डर काढून उरलेली तिकिटं हाताने ‘आत’ करायची. यासाठी फोन नंबर सक्तीचा ठेवावा. ईमेल लोक घाईत चुकीचा लिहितात, नंबर चुकत नाही. महिन्यानंतर नंबर पुसून टाकायचे, साठवायचं कारण नसतं.

रोखीच्या विक्रीला वेगळं मॉड्यूल पैसे देऊन मिळतं. त्याविना खिडकीवर प्रत्येक तिकिटाची नोंद करताना रांग पार रस्त्यापर्यंत जाते. सोपा मार्ग: दुपारी संस्थेच्या नावाने १५ तिकिटांची एक ऑर्डर काढून तिकिटं छापून ठेवायची. जागा कोट्यातून गेलेल्याच असतात, त्यामुळे दुबार विकल्या जाण्याची भीती नाही. खिडकीवर पैसे घेऊन कागद द्यायचा. प्रयोग सुरू झाला की उरलेले कागद त्या ऑर्डरमधून एकेक रद्द करायचे, मग रक्कम आणि पेटीतली रोकड जुळते. रद्द करणं सकाळवर टाकलं की जुळत नाही.

दर प्रयोगाला तासभर आधी नावांची यादी आडनावाच्या क्रमाने कागदावर छापून दारावरच्या माणसाकडे द्यावी. अ‍ॅप बंद पडलं तर पेन्सिल आहे.