जुन्या कारच्या डॅशबोर्डमध्ये टॅबलेट बसवावा की अँड्रॉइड स्टिरिओ?

इंजिन ठणठणीत, गाडी अजून दहा वर्षं पळेल, पण डॅशबोर्डवर तोच जुना सीडी प्लेअर. घरात एक टॅबलेट रिकामा पडलेला. तो तिथे बसवला की नकाशा, गाणी, फोन सगळं मोठ्या स्क्रीनवर येईल, हा विचार मनात येतोच. माझ्याही आला आणि मी तो बसवलाही. दोन उन्हाळे त्याच्यासोबत काढले, मग तो उचकटून तिथे अँड्रॉइड स्टिरिओ, म्हणजे अँड्रॉइडवर चालणारा टचस्क्रीनचा कार स्टिरिओ लावला.

माझं मत आधीच सांगतो. टॅबलेट लावायचा असेल तर हाताने ओढला की निघेल असा लावा. कायमचा चिणून बसवायचं ठरवलं असेल, तर टॅबलेटचा नाद सोडा आणि स्टिरिओ घ्या. असं का म्हणतो, ते खाली आहे. फोन होल्डरवर लावण्याचा तिसरा पर्यायही आहे आणि बऱ्याच जणांचं त्यावर भागतं.

आधी जागा मोजा

जुन्या गाड्यांमध्ये स्टिरिओचा खाचा ठरलेल्या मापाचा असतो. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलीमीटर, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. डबल डिन खाच्यात सात इंची स्क्रीनचा स्टिरिओ नेमका बसतो, कारण तो त्याच मापाने बनवलेला असतो. सिंगल डिन असेल तर मागचा डबा खाच्यात आणि स्क्रीन पुढे तरंगती, अशी रचना मिळते. गोलाकार डॅशबोर्डमध्ये कंपनीचाच वेगळ्या आकाराचा स्टिरिओ असेल, तर त्या मॉडेलची फ्रेम वेगळी घ्यावी लागते.

टॅबलेटचं गणित इथेच चुकतं. त्यालाही सात इंची म्हणतात, पण ते माप फक्त स्क्रीनचं, कर्णातलं. २०१३ चा नेक्सस ७ बाहेरून २०० बाय ११४ मिलीमीटर भरतो. पहिला आयपॅड मिनी २०० बाय १३५ च्या आसपास. म्हणजे डबल डिनमध्ये दोन्ही मावत नाहीत. मग डॅशबोर्डचं प्लास्टिक कापा, नाहीतर टॅबलेट खाच्याच्या वर बसवून कडेने फ्रेम करा. कापण्याआधी आत काय आहे ते बघा: एसीचे डक्ट, नॉबच्या केबली, हॅझर्डचं बटण. हॅझर्डचं बटण झाकलं जाणार असेल तर तो बेत तिथेच रद्द करा. आणि डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबा. एअरबॅगच्या वायरिंगजवळ घाई करू नये. जुन्या स्टिरिओला चोरी टाळण्यासाठीचा कोड असेल, तर तार काढण्याआधी तो हाताशी ठेवा.

आवाज कुठून येणार?

बरेच जण हे शेवटी लक्षात घेतात. स्टिरिओ काढला की स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायरही त्याच्यासोबत जातो. टॅबलेटच्या हेडफोनच्या भोकातून गाडीचे स्पीकर वाजत नाहीत. मग एक तर जुना स्टिरिओ ग्लोव्ह बॉक्समध्ये हलवून त्याच्या ऑक्समध्ये (बाहेरून आवाज घेण्याच्या भोकात) टॅबलेट जोडायचा, नाहीतर सीटखाली छोटा चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा. मी दुसरा मार्ग धरला. इंजिन चालू केलं की गाण्यामागे एक बारीक शीळ यायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज. टॅबलेटचं चार्जिंग आणि ऑक्सची तार वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाली (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडली गेली) की तो हमखास येतो. सगळे अर्थ एकाच बोल्टवर आणले आणि ऑक्सच्या तारेत आयसोलेटर (दोन बाजूंचे अर्थ तोडणारा छोटा डबा) घातला, तेव्हा तो गेला. ब्लूटूथने जोडलं तर ही शीळ येत नाही.

स्टिरिओत अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. फक्त खोक्यावरच्या "४ x ५० वॉट" वर जाऊ नका. १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला साध्या अंतर्गत अ‍ॅम्प्लिफायरमधून स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २५-२६ वॉट निघतात, तेही कागदावर. साध्या ऐकण्याला तेवढे पुरतात.

वीज

गाडीत १२ व्होल्ट असतात, असं आपण म्हणतो. खरं तर बंद गाडीत चांगल्या बॅटरीचे १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १४, आणि सेल्फ मारताना क्षणभर १० च्याही खाली. टॅबलेटला ५ व्होल्ट लागतात. म्हणजे मध्ये कन्व्हर्टर आला, आणि तो बऱ्यापैकी दर्जाचाच हवा. त्याच्या तारेला, जिथून वीज घेता तिथेच जवळ, फ्यूज लावा. फ्यूज टॅबलेटच्या टोकाला लावला तर मधली तार कुठे घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही.

आता वीज कायमची द्यायची की किल्लीवर? टॅबलेट १० वॉट घेत असेल तर कन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीवर साधारण ०.९ अँपिअरचा भार पडतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशोबाने एका दिवसात जवळपास निम्मी उतरते. दोन दिवस गाडी उभी राहिली की सकाळी धक्का मारायची वेळ. म्हणून किल्लीवरच द्या. पण मग गाडी बंद झाल्यावर टॅबलेटने झोपायला हवं आणि वीज आली की उठायला हवं. त्यासाठी ऑटोमेशनची ॲप्स आहेत आणि ती चालतात. गाडी आठवडाभर उभी राहून टॅबलेट पूर्ण संपला, तर मात्र किल्ली लावल्यावर स्क्रीनवर चार्जिंगचं चित्र येतं आणि तो आपण होऊन सुरू होत नाही. चिणून बसवलेल्या टॅबलेटचं पॉवर बटण फ्रेमच्या आड गेलेलं असतं. फ्रेम करताना त्या जागी छोटं भोक ठेवा, एवढं तरी कराच.

स्टिरिओचं वायरिंग मुळातच गाडीसाठी असतं. बाजारातल्या हार्नेसमध्ये (स्टिरिओच्या तारांच्या जुडग्यात) पिवळी तार कायमची, लाल किल्लीवरची आणि काळी अर्थ. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे असतात. रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावून बघा.

ऊन

माझा निर्णय फिरला तो इथे. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हा सर्वसाधारण नियम. ॲपल तर आयपॅड वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतची आणि बंद ठेवण्यासाठी ४५ पर्यंतची मर्यादा सांगते. उन्हात काचा लावून उभ्या गाडीत आतली हवाच ५० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि ऊन थेट पडणारा डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून बराच तापतो. अशा ठिकाणी टॅबलेट ठेवला, त्यात तो कायम शंभर टक्के चार्ज असला, म्हणजे बॅटरीचं आयुष्य संपवण्याची सगळी तयारी झाली.

मी फ्रेम फायबरची केली होती. कडेच्या फटीत लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला, डॅशबोर्डच्याच रंगाचा हात दिला. बघणाऱ्याला वाटायचं, कंपनीनेच दिलाय. दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी स्क्रीनचा उजवा खालचा कोपरा थोडा उचललेला दिसला. नख जाईल एवढी फट. दोन दिवसांत तिथे स्पर्श उमटेना आणि काच दाबली की आतून मऊ लागायची. बॅटरी फुगली होती. आता तो काढायचा तर लांबी फोडायची, आणि पात्याच्या पलीकडे दोन मिलीमीटरवर फुगलेली लिथियम बॅटरी. तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते. प्लास्टिकच्या पट्टीने आणि लाकडाच्या काडीने, कणाकणाने लांबी काढत अख्खी दुपार गेली. त्या दुपारी माझे हात थरथरत होते.

स्टिरिओत बॅटरी नसते. तो तापतो, कधी मंदावतो, पण फुगत नाही. माझ्या लेखी बाकी सगळ्या फरकांपेक्षा हा फरक मोठा आहे.

कॅमेरा आणि रात्र

इथे फार बोलण्यासारखं नाही, स्टिरिओ सरळ पुढे आहे. रिव्हर्स गिअर टाकला की रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेतून इशारा मिळतो आणि स्क्रीन आपोआप कॅमेऱ्यावर जाते. टॅबलेटला त्यासाठी यूएसबी कॅप्चर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र यूएसबीतून आत घेणारं उपकरण लागतं, चित्र किंचित उशिरा येतं, आणि अनेक टॅबलेट यूएसबीला उपकरण जोडलं की त्याच वेळी चार्ज होत नाहीत. मागे भिंत असताना उशिरा आलेलं चित्र उपयोगाचं नाही. स्टिरिओ दिव्यांच्या तारेवरून रात्री स्वतः मंद होतो. टॅबलेट सगळ्यात कमी उजेडावर ठेवला तरी अंधाऱ्या रस्त्यावर डोळ्यांना खुपतो.

टॅबलेट जिंकतो तिथे

स्क्रीन. चांगल्या टॅबलेटची स्क्रीन आणि तिचा स्पर्श साध्या अँड्रॉइड स्टिरिओपेक्षा कितीतरी सरस असतो. नकाशा बोटाने सरकवताना हे लगेच जाणवतं. स्टिरिओतलं अँड्रॉइड बरेचदा जुनं असतं आणि त्याला अपडेट क्वचितच येतात. टॅबलेट बिघडला तर दुसरा लावता येतो, पण फ्रेम त्याच मापाची असेल तरच. एक खबरदारी: फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. नकाशासाठी घेताय तर हे आधी तपासा.

पण स्टिरिओतल्या अँड्रॉइडच्या जुनेपणावर उतारा आहे. २०१४ मध्ये आयफोनसाठी कारप्ले आलं, २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी अँड्रॉइड ऑटो. या दोन्हींत डोकं फोनचं आणि स्टिरिओ फक्त स्क्रीन. फोन बदलला की गाडीही नवी झाल्यासारखी वाटते. म्हणून स्टिरिओ घेताना रॅम किती यापेक्षा कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो व्यवस्थित चालतं का, तेवढं दुकानात तुमचाच फोन जोडून बघा. टॅबलेटवरही ॲपने अँड्रॉइड ऑटो आणता येतं, पण दर वेळी ते जुळेलच याची खात्री नसते.

मग कोणी काय घ्यावं?

गाडी रोजची, घरातले सगळे चालवतात, रिव्हर्स कॅमेरा हवाय: स्टिरिओ. हौस आहे, हातात सोल्डरिंग आहे, गाडी सावलीत उभी राहते: टॅबलेट, पण चुंबकाच्या पाटीवर किंवा सरकत्या खाच्यात. मागे हवा खेळायला जागा सोडा, सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा आणि उतरताना तो सोबत घ्या. आठवड्यातून दोनदाच नकाशा लागत असेल, तर फोन आणि एक घट्ट होल्डर पुरे. होल्डर एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येऊ देऊ नका.

ठरवण्याआधी एक काम करा. टॅबलेटच्या बाहेरच्या मापाचा पुठ्ठा कापा, ठरलेल्या जागी चिकटपट्टीने लावा आणि चार दिवस तशीच गाडी चालवा. एसीच्या जाळीतून हवा येते का, हॅझर्डपर्यंत हात जातो का, ते कळेल. पहिला, तिसरा आणि पाचवा गिअर टाकताना दांडा पुढे, डॅशबोर्डकडे जातो. माझ्या गाडीत तिसरा टाकताना बोटांची पेरं पुठ्ठ्याला घासली असती. मी पुठ्ठा लावलाच नव्हता, म्हणून ती दोन वर्षं काचेला घासली.