बंद ट्रॉली घेताय? ‘पाच टनी’ म्हणजे नक्की किती, ते आधी काट्यावर बघा

लातूर भागात सोयाबीनच्या हंगामाआधी झालेला एक व्यवहार इथे उलगडून सांगतोय. घेणाऱ्याचं नाव देत नाही आणि विकणाऱ्याचंही नाही, कारण ही पद्धत काही एकाच वर्कशॉपची नाही.

सौदा तोंडी ठरला होता. ट्रॅक्टरमागे ओढायची बंद ट्रॉली, वरून पत्रा, मागे दोन पाखी दार. ‘दहा बाय सहा, पाच फूट उंच, पाच टनी.’ तळाला चार एमएम जाडीचा पत्रा, बाजूला चौदा गेज, छताला सोळा गेज (गेज हेही पत्र्याच्या जाडीचंच माप). हंगामात मोंढ्यावर कट्टे न्यायचे आणि एरवी तिच्यातच खत-बियाणं ठेवायचं, असा घेणाऱ्याचा हिशेब. निम्मे पैसे इसार म्हणून गेले. पावती कच्ची, तिच्यावर ‘ट्रॉली १ नग’ एवढंच. ट्रॉली आली तेव्हा रंग झकास होता, मागे नावही छान काढलं होतं. पहिल्याच खेपेला ५० किलोचे १०० कट्टे बसेनात. ८३-८४ च्या पुढे दार लागेना.

आधी मापाचं बघू. ‘दहा बाय सहा’ हे माप बाहेरून घेतलेलं होतं, तेही कडेच्या अँगलसकट. आतून टेप लावला तर लांबी ९ फूट ६ इंच, रुंदी ५ फूट ८ इंच, उंची ४ फूट ८ इंच. इंच-दोन इंचांनी काय होतं, असं वाटतं, पण गुणाकार करून बघा. १० × ६ × ५ म्हणजे ३०० घनफूट. आतल्या मापाने निघतात २५१. सोयाबीनचा ५० किलोचा कट्टा आडवा रचला, मधल्या पोकळ्या धरल्या, तर त्याला साधारण तीन घनफूट जागा लागते. म्हणजे बोललेल्या मापात १०० कट्टे बसले असते, प्रत्यक्षात ८३. म्हणून माप कायम आतून, आणि तेही तीन ठिकाणी घ्यायचं: पुढे, मध्ये, मागे. छताचं माप खालच्या आडव्या पट्टीपासून घ्यायचं, पत्र्यापासून नाही. दाराचं वेगळं. चौकट आत आलेली असली की बॉडी पावणेसहा फूट असूनही दार उघडल्यावर पाच फूटसुद्धा मोकळे मिळत नाहीत, आणि आत ठेवायचं यंत्र तर त्या दारातूनच जाणार असतं.

आता टनाचं. इथे बोलणारा खोटं बोलतच नाही, अर्धं बोलतो. ट्रॉलीसोबत आलेल्या कागदांवर ५,००० किलो होतेच, पण ते ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरून एकूण वजन. रिकामं वजन १,४५० लिहिलेलं. वजा केलं की माल भरायला उरतात ३,५५० किलो, म्हणजे ५० किलोचे ७१ कट्टे. तेव्हा १०० कट्टे बसले असते तरी ते नियमात नव्हतेच, आणि जे ८३ बसले तेही जास्तच आहेत. ‘किती टनी’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘रिकामी किती, भरून एकूण किती’ असे दोन आकडे विचारा आणि लिहून घ्या. मालानुसार हिशेबही बदलतो. कापूस हलका, तिथे जागा आधी संपते. डीएपीच्या गोण्या निम्म्या उंचीवर आल्या तरी वजन संपलेलं असतं. म्हणून फक्त खतासाठी पाच फूट उंच बॉडी घेण्यात अर्थ नाही. उंची वाढली की भार वर चढतो आणि बांधावरून उतरताना ट्रॉली कलंडायची भीती वाढते.

सगळ्यात जास्त पैसा मारला जातो तो पत्र्यात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, आणि विकणारा त्याचाच फायदा घेतो. आपल्याकडे चालणाऱ्या गेजमध्ये ८ म्हणजे ४.०६ एमएम, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.६४, १४ म्हणजे २.०३, १६ म्हणजे १.६३ आणि २० म्हणजे ०.९१. सौदा करताना गेज बोलूच नका, एमएम बोला. दुसरा आकडा पाठ करा: लोखंडी पत्रा एक चौरस फुटाला, एक एमएमला, ०.७३ किलो भरतो. आता या ट्रॉलीचा तळ ६० चौरस फूट, चार एमएमने १७५ किलो. बाजू १६० चौरस फूट, चौदा गेजने २३७. छत ६० चौरस फूट, सोळा गेजने ७१. एकूण ४८३ किलो पत्रा बोलला होता. लावला होता तळाला तीन एमएम, बाजूला सोळा गेज, छताला वीस. त्याचे भरतात ३६१. म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास लोखंड नुसत्या पत्र्यातच गेलं.

मग घेणाऱ्याने बघितलं नव्हतं का? बघितलं होतं, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून. पण लावला कुठे, तर दाराच्या कडेला. कड आत दुमडलेली असते, तिथे पत्रा दुहेरी. वरून पुट्टी आणि रंगाचे दोन हात. सोळा गेज दुमडला की सव्वातीन एमएम दाखवतो. पत्रा मोजायचा तो न दुमडलेल्या ठिकाणी: तळाला पाणी जायला पाडलेल्या भोकाशी, नाहीतर कडीसाठी कापलेल्या खाचेत, रंग खरवडून. सगळ्यात बरं म्हणजे रंग मारायच्या आधीच वर्कशॉपला चक्कर मारायची. ‘आज नका येऊ, उद्या रंग झाला की या’ असं कोणी म्हटलं तर त्याच दिवशी जावं.

चेसिसच्या चॅनललाही हाच न्याय. १०० एमएमचं प्रमाणित सी चॅनल मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतं, ७५ चं सात किलोच्या थोडं वर. बाहेरून उंची चार इंच दिसते पण पाय पातळ असतात, असंही चॅनल बाजारात मिळतं. त्याचा एक तुकडा तोलून बघितला की कळतं.

म्हणून उरलेले पैसे द्यायच्या आधी रिकामी ट्रॉली काट्यावर न्यावी. ट्रॅक्टरसकट वजन करा, मग ट्रॉली सोडून एकट्या ट्रॅक्टरचं करा, वजाबाकी करा. दोन्ही वेळा ड्रायव्हर बसलेला तरी असावा, नाहीतर उतरलेला. या ट्रॉलीचं वजन १,२३० किलो भरलं, कागदावर होतं १,४५०. हा फरक फक्त लोखंडाचा नाही. कागद एका ट्रॉलीचे आणि वस्तू दुसरी, असा त्याचा अर्थ निघतो.

कागदांचं तेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ट्रेलरच्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी या त्यातल्या दोन. गावच्या वर्कशॉपकडे ती नसते, मग मंजुरीवाल्या दुसऱ्या कोणाचे कागद जोडले जातात. नोंदणीला फॉर्म २० हा अर्ज, २१ हे विक्री प्रमाणपत्र, २२ हे बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र. ‘पासिंग मागून करून देतो’ म्हणणाऱ्याला उरलेले पैसेही मागूनच द्यावेत. चेसिस नंबर रिव्हेटने ठोकलेल्या पट्टीवर असून भागत नाही, तो चेसिसवर कोरलेला पाहिजे आणि तिन्ही कागदांशी जुळला पाहिजे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हाच नंबर बघते. अनुदानाचं आमिष दाखवत असतील तर एवढंच लक्षात ठेवा, की महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) पूर्वसंमती यायच्या आधी घेतलेल्या अवजाराला अनुदान बसत नाही.

खालचा भाग बघायला वाकावं लागतं, म्हणून कोणी बघत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेल्या टायरला खांद्याजवळ जोडाची रेघ दिसते. एक्सलचा रंग मध्यभागी खरवडा, तिथे वेल्डिंगचा जोड निघाला तर ट्रॉली घेऊ नका, यात तडजोड नाही. दोनचाकी ट्रॉलीत एक्सल फार मागे बसवला तर हुकावर भार येऊन ट्रॅक्टरचं पुढचं अंग हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. फार पुढे बसवला तर मागे माल भरताच दांडी हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरचे मागचे टायर घसरतात. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली, बिनब्रेकची ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, तेव्हा ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक आहेत का, हेही विचाराच.

माल साठवायचा असेल तर आत उभं राहून भर उन्हात दार लावून घ्या. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथून पाऊस येणार. फुल वेल्डिंगचे पैसे घेऊन नुसते टाके मारलेत, हे तिथेच कळतं. समोरासमोर, वरच्या बाजूला जाळीच्या दोन खिडक्या पाहिजेतच. १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलीचं सोयाबीन बंद पत्र्यात तापतं. बियाण्याचं सोयाबीन तर उन्हाळ्यात तिथे ठेवूच नये, उगवण जाते.

एवढं करूनही फसलात, तर काटा पावती, रंग खरवडलेल्या जागेवर व्हर्नियर लावलेले फोटो आणि पैसे दिल्याचा बँकेतला पुरावा जपून ठेवा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मात्र तक्रार २ वर्षांच्या आत व्हायला हवी. समोरचा वकील ‘ट्रॉली भाड्याने फिरते, हा ग्राहकच नाही’ असं म्हणणार. स्वतःच्या शेतीसाठी, स्वतःच्या पोटासाठी घेतली असेल तर तक्रार चालते, म्हणून बिलावरच ‘स्वतःच्या शेतीवापरासाठी’ असं लिहून घ्या. त्याखाली आतलं माप फूट-इंचात, तिन्ही पत्रे एमएममध्ये, रिकामं वजन किलोत, टायरचे आकडे आणि चेसिस नंबर.