दारापुढच्या बर्फासाठी कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट

टोरांटो, न्यू जर्सीकडच्या घरांच्या पायऱ्यांवर बर्फासाठी टाकायला कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेटचे दाणे खडेमिठापेक्षा नक्कीच बरे. यात मिठातलं क्लोराइड नाही, त्यामुळे लोखंडी कठडा कमी गंजतो, कडेची झाडं करपत नाहीत, कुत्र्याच्या पंजांनाही त्रास कमी. मात्र हा पदार्थ बर्फ वितळवण्यापेक्षा तो फरशीला चिकटू न देण्याचं काम करतो. म्हणून हिमवृष्टी सुरू होताच पातळ पसरा. मग बर्फ फावड्याने अलगद निघतो. आधीच घट्ट झालेल्या जाड थरावर टाकून वाट बघत बसलात तर निराशाच होईल. साधारण उणे ७ अंश सेल्सियसखाली याचा जोर संपतो. तेव्हा खरवडून वर वाळू टाका. ती बर्फ वितळवत नाही, पण पाय धरून ठेवते. किंमत मिठाच्या कितीतरी पट, तरी काँक्रीटच्या पायऱ्यांसाठी मोजावी.