आशा प्रशिक्षण: वर्षभर काम केल्यावर काय कामी आलं आणि काय नाही

बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या आमच्या पट्ट्यात आशाची, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीची, जागा निघाली की बायका मला दोन गोष्टी विचारतात: पैसे किती मिळतात, आणि ते प्रशिक्षण झेपेल का. पैशाचं पुढे लिहिते. प्रशिक्षण झेपतं. दहावीनंतर पुस्तक हातात न धरलेल्या बाईलासुद्धा झेपतं. त्यातला एक भाग इतका चांगला आहे की लेकरू असलेल्या प्रत्येक घरात तो कुणाला तरी यायला हवा. काही भाग मात्र फार कच्चे आहेत, आणि त्यांची झळ थेट बाळंतिणीला बसते. वर्षभर घरोघरी फिरल्यावर दोन्हींबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

नवीन आशाला आधी ८ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण असतं. आशा म्हणजे कोण, गाव आरोग्य समिती काय करते, गरोदर बाईची नोंद कधी घ्यायची, लसीकरणाच्या दिवशी काय करायचं, असं सगळं त्यात येतं. ते ठीक आहे, बरंचसं सिस्टरबरोबर फिरूनही समजतं. खरं शिक्षण मॉड्यूल ६ आणि ७ मध्ये आहे. ५ दिवसांच्या ४ फेऱ्या, मिळून २० दिवस. दोन फेऱ्यांच्या मध्ये काही महिने जातात, म्हणजे शिकलेलं गावात करून बघायचं आणि अडलेलं घेऊन पुढच्या फेरीला जायचं. मांडणी म्हणून ही मला फार आवडली. बीपी-शुगरच्या कामाचं आणि सी-बॅक फॉर्मचं (अशा आजारांचा धोका कुणाला आहे ते विचारायची प्रश्नावली) प्रशिक्षण वेगळं होतं.

मॉड्यूल ६-७ चा गाभा म्हणजे नवजात बाळाच्या घरभेटी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं. प्रत्येक भेटीत हात धुणं, बाळाचा ताप, वजन, श्वास, नाळ, त्वचा, दूध ओढणं, आणि बाळंतिणीचा रक्तस्राव, ताप, स्तन हे सगळं बघायचं. पुस्तक मराठीत आहे, चित्रं मोठी आहेत आणि प्रत्येक कौशल्याची पायरीपायरीने यादी दिली आहे. प्रशिक्षक ताई ती यादी हातात धरून आमच्यासमोर बसायच्या. एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला बायका कंटाळायच्या. आज सांगते, हाताला जे वळण लागलं ते त्या 'पुन्हा पहिल्यापासून'मुळेच.

हात धुण्याचंच घ्या. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, कोपरापर्यंत साबण लावायचा, नखं घासायची, मग हात वर धरून हवेत वाळू द्यायचे. पदराला पुसायचे नाहीत. वर्गात हे सोपं वाटतं. गावात बाळंतिणीच्या दारात उभं राहून बांगड्या काढायला लागलं की आतून आजीबाईचा आवाज येतो, 'सवाशीण बाई तू, दारात हात मोकळे काय करायलीस?' काचेच्या बांगड्या तशाही सहज निघत नाहीत. माझ्या तुकडीतल्या एका जुन्या ताईने यावर तोडगा सांगितला. भेटीच्या दिवशी घरूनच सहज निघणाऱ्या दोन बांगड्या घालून निघायचं, आणि काढल्यावर त्या त्याच आजीच्या हातात द्यायच्या, 'धरा जरा' म्हणून. तेव्हापासून एकाही घरात यावरून कुरबुर झालेली नाही. अशा गोष्टी पुस्तकात नाहीत, त्या जेवणाच्या सुट्टीत मिळतात. म्हणून जुन्या आशांसोबत एकत्र तुकडी असेल तर ती सोडू नका.

वजनाचंही तसंच. काटा झोळीसकट आधी शून्यावर आणायचा, डोळ्याच्या रेषेत धरायचा, बाळाला कमीत कमी कपड्यात ठेवायचं. अडीच किलोच्या खाली भरलं तर ते कमी वजनाचं बाळ. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, अंघोळ लांबवायची, भेटी वाढवायच्या. तापाचं माप काखेत घ्यायचं. ९७ ते ९९ फॅरनहाइटच्या मध्ये असलं तर ठीक. बाळ तापलेलं असणं जेवढं धोक्याचं, तेवढंच गार पडणंही धोक्याचं, हे मला या प्रशिक्षणाआधी ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ताप आला की पळापळ होते, लेकरू गार पडलं तर 'शांत निजलंय' म्हणतात.

सगळ्यात मोलाचं म्हणाल तर श्वास मोजणं. बाळ शांत असताना अंगावरचं कापड वर करायचं, पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास कधी भरभर चालतो, कधी क्षणभर थांबल्यासारखा होतो. ६० किंवा जास्त भरले तर थांबून परत मोजायचं. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त, तर दवाखाना. दोन महिन्यांनंतर हा आकडा ५०, वर्षानंतर ४०.

हिवाळ्यात एका घरी सातव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. बाळ दवाखान्यातून आलं तेव्हा चांगलं होतं. वजन केलं, ठीक. ताप नाही. आई म्हणाली, कालपासून दूध ओढायला कंटाळा करतंय. कापड वर केलं, मोजलं, ६० च्या पुढे गेले. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच, आणि बरगडीखाली कातडी आत ओढली जात होती. सासूबाई म्हणाल्या, 'लेकरं झोपंत असंच करतेत, कशाला उघडं करायलीस थंडीत.' मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्ही काटा बघा, मी मोठ्यानं मोजते. मिनिट संपेपर्यंत त्याच उठून लेकाला हाका मारायला लागल्या. १०२ ला, म्हणजे बाळंतीण-बाळासाठीच्या सरकारी गाडीला, फोन केला, आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात पाठवलं. बाळ बरं होऊन घरी आलं. त्या दिवशी मला जे सुचलं ते सगळं पाठ करून घेतलेलं होतं. त्यात माझी हुशारी नव्हती, वर्गात मोजून मोजून झालेली सवय होती.

हे वेळापत्रक कुठून आलं हे प्रशिक्षणात थोडक्यात सांगतात, ते जरा जास्त सांगायला हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि पुढे त्याच्याच आधारावर देशभरातल्या आशांना घरभेटींचं काम मिळालं. आमच्या शेजारच्या जामखेडला तर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. आपण करतो ते काम शहरातून उतरलेलं नाही, ते महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या बायकांनी आधी करून दाखवलेलं आहे. हे कळलं की पिशवी खांद्याला लावताना वेगळाच हुरूप येतो.

पण याच दोन ठिकाणांकडे बघितलं की आमच्या प्रशिक्षणाची कमतरताही दिसते. जामखेडच्या बायका नियमाने केंद्रावर यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या आणि त्यावरून पुढचं शिकायच्या. गडचिरोलीत डॉक्टर गावात येऊन आरोग्यदूताचं काम तपासायचे. आमच्याकडे ५ दिवस संपले की आशा एकटी. सोबतीला गटप्रवर्तक ताई (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) असतात, त्यांचं काम हेच आहे, पण एकेका ताईकडे साधारण २० आशा, त्यांचे अहवाल, बैठका आणि वर ऑनलाइन भरणा. त्यांनी प्रत्येक आशाच्या पहिल्या घरभेटीला यायचं म्हटलं तरी त्या पोचणार कशा? मला माझ्या ताई पहिल्या दोन-तीन घरांना मिळाल्या, हे माझं नशीब. माझ्या तुकडीतल्या कितीतरी जणींना वजनकाटा प्रत्यक्ष बाळाला लावताना बघणारं कुणीच नव्हतं. काहींना तर प्रशिक्षण झाल्यावर कित्येक महिने काटाच मिळाला नव्हता. शिकलेला हात असा रिकामा ठेवला की शिकलेलं जातं. याला जो कुणी जबाबदार असेल त्याने हे मनावर घ्यावं.

दुसरा कच्चा भाग बोलण्याचा. समुपदेशन म्हणून वर्गात नाटुकलं करतात. एक आशा, एक सून, एक सासू. सासू तीन वाक्यांत पटवून घेते आणि सगळ्या टाळ्या वाजवतात. खऱ्या घरात बाजेखाली शेगडी असते, खोलीत धुरी असते, बाळाच्या जिभेवर मध किंवा गुटी लावलेली असते, कानात तेल असतं, आणि हे सगळं त्या आजीने आपली सहा लेकरं अशीच वाढवली म्हणून असतं. तिला 'हे चूक आहे' म्हटलं की दार बंद. मला कळलेलं एवढंच की पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागावी. मी धुरी मागते. 'शेक आईला राहू द्या, धूर तेवढा बाळाच्या खोलीत नको.' ते ऐकलं की पुढच्या भेटीत गुटीचं बोलता येतं. शेकाला हात लावला नाही की आजीचा मान राहतो. प्रशिक्षणात यासाठी अर्धा दिवस नाही, पूर्ण दोन दिवस हवेत, आणि सासूच्या भूमिकेला खरी सासू बोलवावी.

तिसरी गोष्ट खास आमच्या भागाची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, त्यामुळे बाई आठव्या महिन्यात असली तरी थांबता येत नाही. बाळंतपण कोपीवर (तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत) किंवा कारखान्याजवळच्या दवाखान्यात होतं. पुस्तकातलं ४२ दिवसांचं वेळापत्रक असं धरून चालतं की बाई एका जागी आहे. पहिलटकरीण माहेरी जाते तेव्हाही हाच गोंधळ होतो: नाव सासरच्या यादीत, बाळ माहेरच्या गावात. प्रशिक्षणात मी हे विचारलं तेव्हा 'तिथल्या आशाला कळवा' एवढंच उत्तर मिळालं. कोणत्या गावाजवळ टोळी पडणार हे टोळीलाच आधी ठाऊक नसतं.

म्हणून मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली. दसऱ्याआधी मुकादमांकडे जाऊन कारखाना आणि गट विचारून ठेवते. जाणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या माता-बाल कार्डावर मागच्या बाजूला भेटींच्या तारखा पेनाने लिहिते, माझा नंबर लिहिते, आणि तिच्या नवऱ्याला १०२ आणि १०८ (तातडीची रुग्णवाहिका) मधला फरक पाठ करून घेते. श्वास मोजायला तिच्याबरोबर जाणाऱ्या एखाद्या जाणत्या बाईला शिकवते. घड्याळ नसलं तरी मोबाईल असतोच. बीडसारख्या जिल्ह्यातल्या आशांच्या प्रशिक्षणात स्थलांतराचा वेगळा धडा असायलाच हवा, आणि तो ऊसतोड सुरू व्हायच्या आत शिकवायला हवा.

आता पैसे. आशा ही पगारी नोकर नाही, ती मानसेवी समजली जाते आणि कामावर मोबदला मिळतो. वर सांगितलेल्या सगळ्या भेटी ४२ व्या दिवसापर्यंत पूर्ण झाल्या, वजनाची नोंद, लस आणि जन्मनोंदणी झाली की एका बाळामागे २५० रुपये. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर पंधरा महिन्यांपर्यंत आणखी पाच भेटी, प्रत्येकी ५० रुपये. राज्य सरकारचा मोबदला वेगळा. त्यात २०२४ मध्ये ५००० रुपयांची वाढ झाली, तीसुद्धा आशांनी संप करून, आझाद मैदानावर बसून मिळवली. पैसे वेळेवर येतीलच असं धरून घरखर्च ठरवू नका. आणि आरोग्याचं शिकून आलात तरी बराच वेळ सर्व्हे, आभा (आरोग्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक), आयुष्मान कार्ड आणि मोहिमांत जाईल. मला हे पटत नाही. ज्या हाताला श्वास मोजायला शिकवलं त्याने आधी तेच काम करावं. पण आज परिस्थिती अशी आहे, हे माहीत असूनच अर्ज करा.

निवड झाली तर प्रशिक्षणाला जाताना तीन गोष्टी करा. शक्य असेल तर सेकंदकाटा असलेलं स्वतःचं घड्याळ न्या, वर्गातलं एकच घड्याळ सगळ्यांत फिरतं. बाहुलीवर मोजून समाधान मानू नका. मुक्कामाच्या गावात कुणाचं लेकरू असेल तर संध्याकाळी विचारून खऱ्या बाळाचा श्वास मोजा. आणि गावी परतल्याबरोबर गटप्रवर्तक ताईंना फोन करून पहिल्या तीन घरभेटींच्या तारखा मागून घ्या. त्या जिथे येऊ शकणार नाहीत तिथे शेजारच्या गावच्या जुन्या आशाला घेऊन जा, आणि तिला यादी हातात धरून बाजूला बसायला सांगा.