५ लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सात-आठ महिने वापरून: मशीन चांगलं, बाटलीने डोकं उठवलं

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून पेशंटला देणारं मशीन. कंपनीचं नाव लिहित नाही कारण सर्व्हिसवाल्यांशी भांडण अजून चालू आहे, आणि तसंही बऱ्याच मशीन्सना हीच बाटली जोडून देतात. आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन कायम दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, डॉक्टरांनी दिवसाला कमीत कमी १५ तास ऑक्सिजन सांगितलाय, फ्लो मिनिटाला दीड ते दोन लिटर. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतील, मिनिटाला ५ लिटर, ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन, साडेतीनशे वॅट, ते परत टाइप करत बसत नाही.

तर ह्युमिडिफायरची बाटली, म्हणजे ऑक्सिजन पाण्यातून नेऊन ओला करणारी. पन्नास हजारांच्या आसपासचं मशीन आणि त्याला दीड-दोनशे रुपयांची प्लॅस्टिकची बाटली, जिच्या झाकणाचे आटे थोड्याच दिवसांत घसरायला लागले. रोज पाणी बदलायचं म्हणजे रोज उघडायची, रोज लावायची. हाताला वाटतं घट्ट बसली, पण आटा तिरका गेलेला असतो आणि ऑक्सिजन नळीत जायच्या ऐवजी झाकणाच्या कडेने खोलीत. गंमत म्हणजे बाटलीत बुडबुडे छान येत असतात, कारण गॅस पाण्यातून वर येऊन मग गळतोय! फ्लोमीटरची गोळी दोनवर, हिरवा दिवा चालू, सगळं कसं झकास, आणि आई म्हणतेय "अरे, नाकात काही येतच नाहीये." ऑक्सिमीटर लावला तर ८४. तिला डॉक्टरांनी ८८ ते ९२ मध्ये ठेवायला सांगितलंय. (त्याच्यावर जास्त नेऊ नका म्हणाले, काही सीओपीडी पेशंटमध्ये ऑक्सिजन जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून नॉब आमच्याकडे कुणी मनाने फिरवत नाही.)

सर्व्हिसला फोन केला. "सर, ग्रीन लाईट आहे ना, मग मशीन ओके आहे, पेशंटची तब्येत बिघडली असेल." तरी पाठवा म्हटलं माणूस. तो आला, बाटली काढून बाजूला ठेवली, मशीनच्या तोंडाला मीटर लावला, ९४ टक्के दाखवले, व्हिजिटचे ५०० अधिक जीएसटी असे ५९० घेतले आणि निघाला. अहो पण बाटली काढूनच मोजलंत तर गळती दिसणार कशी? हिरवा दिवा काय सांगतो, तर मशीनच्या आत ऑक्सिजन नीट तयार होतोय. आत झिओलाइटचे दोन सिलिंडर असतात, कॉम्प्रेसर खोलीतलीच हवा दाबून एकात सोडतो, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जातो, तोवर दुसरा नायट्रोजन बाहेर फेकून मोकळा होतो, तो फुस्स आवाज त्याचाच. सेन्सर हे सगळं बघतो. पण बाटली आणि नळी सेन्सरच्या पुढे आहेत, तिथे काय वाया जातंय याचा त्याला पत्ताच नसतो.

हे उगाच डोक्यात घेऊन बसलोय असं घरचे म्हणतात, पण १५ तासांचा आकडा काही डॉक्टरांनी अंदाजे सांगितलेला नाहीये. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९८१ ची ट्रायल आहे, ज्यांचा ऑक्सिजन कायम कमी असतो अशा सीओपीडी पेशंटपैकी रोज १५ तास घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. मग रात्रभर मशीन चालू आणि अर्धा ऑक्सिजन कपाटाला मिळतोय तर ते तास मोजायचे कसे.

तपासायची सोपी पद्धत, मॅन्युअलमध्ये मला तरी सापडली नाही: नाकातली नळी काढून तिचं टोक ग्लासभर पाण्यात धरा, बुडबुडे आले पाहिजेत. किंवा नळी दुमडून धरा, बाटलीच्या सेफ्टी व्हॉल्व्हने शिट्टी मारली पाहिजे, नाही मारली म्हणजे कुठेतरी गळतंय. नंतर ती नळी पुसून लावा म्हणजे झालं.

त्या माणसाने जाता जाता अजून एक पराक्रम केला. फिल्टर काढून बघितला, काळा. "आजी सिगारेट ओढायच्या का?" आईचा चेहरा बघायला हवा होता. तिचं उभं आयुष्य वेल्ह्याकडच्या घरात चुलीपुढे गेलं, पावसाळ्यात ओली लाकडं फुंकत, बिडीला कधी हात लावला नाही. सीओपीडी म्हणजे ओढणाऱ्यांचा आजार ही समजूत अजून जात नाही. आपल्याच पुण्यातले फुप्फुसांचे तज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवरच लिहिलंय, त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण. असो. फिल्टर काळा झाला होता तो उदबत्तीने. मशीन देवघराशेजारीच होतं, आता हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेलंय, उदबत्ती बंद, समई लावायची तर नळी लावलेली असताना तिच्या जवळपास जायचं नाही, ऑक्सिजनमुळे आग भडकते. उदबत्तीवरून आई चार दिवस बोलत नव्हती.

लाईट बिल: साडेतीनशे वॅट गुणिले १६ तास म्हणजे रोजचे साडेपाच-सहा युनिट, महिन्याला १६५-१७० नुसते याचे. आम्ही शंभरच्या स्लॅबमध्ये आनंदात होतो, तो विषय संपला. गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते त्यासाठी इन्व्हर्टरवर टाकून बघितलं, बॅटरी तीन-चार तासांत झोपते. त्यापेक्षा बी टाइप सिलिंडर भरून ठेवलेला परवडतो, दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, दोनच्या फ्लोला बारा तास निघतात. एका नातेवाईकांनी २०२१ मधलं कोविडचं पडून असलेलं मशीन फुकट देऊ केलं होतं. घेतलं नाही. पडून राहिलं की झिओलाइट ओल धरतं, आणि त्यावेळी आलेल्या काही स्वस्त मशीन्समध्ये फ्लो वाढवला की शुद्धता धडाधड खाली यायची.

अपडेट, वरचं लिहून ठेवल्यावर दोन आठवड्यांनी: तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना बाटलीचं रामायण ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "दोन लिटरला बाटली लागतच नाही, काढून टाका." लागतच नाही!! एवढ्या कमी फ्लोला नाक स्वतःच हवा ओली करतं म्हणे. मग विकणाऱ्याने कशाला गळ्यात मारली, सर्व्हिसवाला का नाही बोलला, आणि डिस्टिल्ड वॉटरचे कॅन कोण पिणार? नळी आता अडॅप्टर लावून थेट मशीनला जोडलीये, ऑक्सिमीटर ९० च्या आसपास असतो. थंडीत नाक कोरडं पडलं तर सलाइनचे थेंब, व्हॅसलीन नाही, तेलकट काही ऑक्सिजनजवळ नको.

त्यामुळे मशीनबद्दलचं मत बदललंय. आवाज जुन्या फ्रिजएवढा, रात्री सवय होते, फिल्टर आठवड्याला धुवायचा, बाकी कटकट नाही. मात्र यामुळे आईचा दम गेला असं समजू नका. जिना चढताना लागतो तो लागतोच, त्याला टायोट्रोपियमचा (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) इन्हेलर, स्पेसर (इन्हेलरला लावायचं नळकांडं) आणि ओठ गोल करून श्वास सोडायचा व्यायामच कामी येतो. फ्लूची लस दरवर्षी.

मशीनला चार स्टार. सर्व्हिसला एकही नाही, ५९० परत मागितलेत, मेलला "वुई आर लुकिंग इनटू इट" एवढंच उत्तर आलंय, ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये. बाटल्या दोन आहेत, एक कोरी, धायरीत कुणाला चारच्या वरचा फ्लो असेल तर फुकट घेऊन जा, आटे बघून घ्या.