काडी तपासणीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि त्याचे खालचे भिंग

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरजेच्या पूर्व भागातील द्राक्ष बागायतदार वेलीच्या काड्यांच्या जुड्या घेऊन तपासणीला येतात, आणि काडीवरच्या कितव्या डोळ्यावर, म्हणजे कळीवर, कात्री लावायची हे डोळ्याच्या आत दडलेल्या, मिलिमीटरभरही नसलेल्या घडाच्या अंकुरावरून ठरवावे लागते. या कामासाठी मी मिरजेतील, दवाखान्यांना आणि रक्त तपासणीच्या लॅबना साहित्य पुरवणाऱ्या एका दुकानातून अंबाल्यात तयार झालेला झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप घेतला. तीस-पस्तीस हजारांच्या घरातल्या या उपकरणाचे स्टँड, दिवा आणि रंगकाम यांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते ऑब्जेक्टिव्हविषयी, म्हणजे नमुन्याकडून येणारा प्रकाश सर्वप्रथम गोळा करणाऱ्या खालच्या मुख्य भिंगाविषयी, कारण तेथे जे टिपले गेले नाही ते वरच्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, कितीही मोठे केले तरी दिसत नाही.

झूमची मर्यादा ०.७ ते ४.५ पट असून आयपीस १० पटींचे आहे, त्यामुळे एकूण वर्धन ७ ते ४५ पट मिळते. आयपीसवर २० हा क्षेत्र क्रमांक कोरलेला आहे. तो झूमच्या आकड्याने भागला की दृष्टिक्षेत्राचा व्यास कळतो. सर्वांत कमी झूमवर सुमारे २८ मिलिमीटर रुंदीचा भाग एका नजरेत येतो, त्यामुळे काडीचा तुकडा पेऱ्यासकट पाहता येतो, आणि सर्वाधिक झूमवर जेमतेम साडेचार मिलिमीटर उरतात. थॉमसन किंवा सोनाका या द्राक्षजातींचा कापलेला डोळा पाहण्यासाठी मला २५ ते ३० पटींच्या आसपासचे वर्धन सर्वांत सोयीचे वाटते. तपकिरी खवले आणि आतली लव ब्लेडच्या टोकाने बाजूला सारली की हिरवट पांढरा, किंचित चमकणारा अंकुर दिसतो. त्याला फांद्यांचे उंचवटे आलेले असतील तर तो घड, आणि गुळगुळीत, दोनच हातांत दुभंगलेला असेल तर ती बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा. हा फरक या उपकरणात मधोमध निःसंशय दिसतो. कडेला मात्र चित्र मऊ पडते आणि उजळ भागाच्या काठावर जांभळट झालर येते. ऑब्जेक्टिव्ह ॲक्रोमॅट प्रकारचे, म्हणजे दोनच रंगांना एका ठिकाणी आणणारे असल्यामुळे या किमतीत ही झालर मी दोष मानत नाही, फक्त अंकुर मधोमध आणून मगच निर्णय देतो.

खोक्यावर '९० पट' असे ठळक छापलेले आहे. हा आकडा गाठण्याचे दोन मार्ग दुकानात दाखवले गेले, आणि खरेदी करणाऱ्याने नेमके येथेच थांबून विचार करावा. पहिला मार्ग २० पटींच्या आयपीसचा. ऑब्जेक्टिव्ह प्रकाशाचा किती रुंद शंकू आत घेते याचे माप न्यूमेरिकल अपर्चर या संख्येने देतात आणि उपयुक्त वर्धन साधारणपणे त्या संख्येच्या ५०० ते १००० पटींपर्यंतच असते. या वर्गातील उपकरणांत ही संख्या पूर्ण झूमवरही ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे टिपलेला बहुतेक तपशील ४५-५० पटींतच दिसून जातो, त्यामुळे आयपीस बदलून मिळवलेल्या ९० पटींत चित्र मोठे आणि अंधूक होते, नवीन तपशील जवळजवळ काहीच येत नाही. ७० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ५२५ पट छापणारे लोकही हेच करतात. दुसरा मार्ग ऑब्जेक्टिव्हखाली २ पटींचे जोडभिंग बसवण्याचा. यात अपर्चर खरोखर वाढते आणि तपशीलही वाढतो. बाळी आणि घड यांच्या मधल्या संशयित अंकुराच्या टोकावरचे उंचवटे मला प्रथम याच भिंगाने मोजता आले.

मात्र त्याची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. मूळ ऑब्जेक्टिव्हखाली सुमारे १०० मिलिमीटर मोकळी जागा राहते, जोडभिंग लावल्यावर ती ३० मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तेवढ्या जागेत ब्लेड धरलेला हात सुखाने फिरत नाही. शिवाय ओल्या काडीचा रस उडून काचेवर बसतो तो वेगळाच. म्हणून कापणी साध्या भिंगाखाली करावी आणि केवळ शंकेच्या डोळ्यांसाठी जोडभिंग लावावे, असा माझा परिपाठ झाला आहे. सोबत मिळालेला गोल एलईडी दिवा मी काढून ठेवला आहे. कापलेला डोळा काळा पडू नये म्हणून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा लागतो, त्या थेंबात दिव्याचे पूर्ण कडे उमटते आणि अंकुर नेमका त्याखाली झाकला जातो. एका बाजूने तिरपा प्रकाश दिल्यास उंचवट्यांची सावली पडून आकार उठून दिसतो.

रचनेच्या दृष्टीने हे उपकरण ग्रीनो पद्धतीचे आहे, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी ऑब्जेक्टिव्ह एकमेकांशी कोन करून बसवलेली आहेत. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ होरॅशिओ ग्रीनो यांच्या सूचनेवरून झाइस या जर्मन कंपनीने ही पद्धत १८९० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच मोठे ऑब्जेक्टिव्ह असलेली पद्धतही आहे, परंतु तिची उपकरणे बरीच महाग पडतात आणि काडी तपासणीला त्यांची गरज नाही. ग्रीनो पद्धतीत दोन नळ्यांची जुळणी बिघडली तर मात्र सगळेच बिघडते. मला प्रथम दिलेल्या नगात दोन प्रतिमा वर-खाली सरकलेल्या होत्या आणि थोड्याच वेळात कपाळ दुखू लागत होते. दुकानदारांनी आधी 'नजर बसायला वेळ लागतो, साहेब' असे सांगून पाहिले. आलेखाचा कागद खाली ठेवून एकेक डोळा मिटून रेषा दाखवल्यावर त्यांनी नग बदलून दिला, आणि तोही कुरकुर न करता. ही चाचणी दुकानातच करावी. त्याच कागदावर पूर्ण झूमला फोकस करून झूम उतरवत जावे. रेषा शेवटपर्यंत रेखीव राहिल्या पाहिजेत. माझ्या सध्याच्या नगात त्या राहतात.

निगेचे म्हणाल तर बुरशी हाच मोठा शत्रू आहे, कारण पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या भिंगावर ती जाळे धरते आणि काचेवरचा लेप कायमचा खाते. उपकरणाबरोबर आलेले प्लास्टिकचे आवरण धुळीपुरते ठीक आहे, पण ओलाव्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल स्वतंत्र घ्यावे लागते. रसाचे डाग आधी रबरी फुंकणीने धूळ उडवून, मग लेन्स पेपरवर भिंग साफ करण्याचे द्रावण घेऊन पुसावेत. सदऱ्याच्या टोकाने पुसू नयेत, कारण फवारणीच्या हंगामात त्यावर गंधकाची पूड असतेच.

द्राक्षावरील डावणी रोगाचे बीजाणू पाहण्याची ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी हे उपकरण घेऊ नये. ते बीजाणू मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाइतकेच असतात आणि त्यांचा आकार ओळखण्यासाठी १० व ४० पटींची ऑब्जेक्टिव्ह असलेला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शकच लागतो, जो याहून स्वस्तातही मिळतो. काडी तपासणीपुरते बोलायचे तर, २ पटींच्या जोडभिंगासह आणि २० पटींचे आयपीस न घेता, मी हे उपकरण याच दुकानातून पुन्हा घेईन.